नदीकाठची वाट

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी अस्थिरोग विभागाच्या माजी प्रमुखांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या वैद्यकीय विषयावर व्याख्यान व्हावे, ही आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. यंदा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून मला विषय विचारला, तेव्हा मी ‘सायकल’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. निमंत्रणपत्रिकेत ‘गुडघ्याचे आरोग्य’ असे छापून आले आहे, यावरून त्या शांततेत काय घडले असावे याची कल्पना आपल्याला येईल. पत्रिका अगदीच खोटी ठरू नये, म्हणून गुडघ्याविषयी जे सांगावयाचे ते आरंभीच सांगून मोकळा होतो. सायकल चालविताना शरीराचा बराचसा भार सीटवर पडतो. त्यामुळे चालताना गुडघ्याच्या सांध्याला जो ताण सोसावा लागतो, तो येथे पुष्कळ कमी होतो. सीट मात्र पुरेशी उंच हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते, आणि मग गुडघा दुखला की दोष सायकलीला दिला जातो. गुडघ्याचे व्याख्यान येथे संपले.

आता मूळ विषय. सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मी, माझी पत्नी आणि आमची मुलगी अशा तिघांनी जर्मनीतील पासाऊ या गावापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलीवरून प्रवास केला. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. आम्ही ते आठ दिवसांत, रमतगमत, वाटेत थांबत पुरे केले. यात पराक्रम काहीच नाही. त्या वाटेवर आमच्याहून वयाने मोठी माणसे शिट्टी वाजवीत आमच्या पुढे निघून जात होती. परंतु माझ्यापुरते बोलायचे, तर त्या प्रवासापूर्वी छत्तीस वर्षे मी सायकलीला हात लावलेला नव्हता. त्याचे कारण या रुग्णालयातील फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

माझे वैद्यकीय शिक्षण पुण्यात झाले. त्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि मीही सायकलीवरच वाढलो. माझे थोरले बंधू गावाकडे शिक्षक होते. १९८६ साली शाळेतून परतत असताना हमरस्त्यावर एका मालमोटारीने त्यांच्या सायकलीला मागून धडक दिली. मी तेव्हा अस्थिरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. दादांना घेऊन लोक आमच्याच रुग्णालयात आले, आणि त्या रात्री अपघात विभागात पाळी माझी होती. याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे या रुग्णालयात एकतीस वर्षे मी मोडलेली हाडे जोडीत आलो, आणि आमच्या घरात सायकल आली नाही. मुलगी सातवीत असताना सर्व मैत्रिणींजवळ सायकल होती, तिच्याजवळ नव्हती. तिने दोनदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली नाही. पुढे ती नोकरीनिमित्त म्युनिकला गेली आणि तेथे, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लहान मुलांना शिकविणाऱ्या एका बाईंकडे सायकल शिकली. हे तिने मला कळविले नव्हते. तिच्या आईला माहीत होते.

तर हा प्रवास तिने ठरविला. “बाबा, त्या वाटेवर गाड्या नाहीत,” एवढेच तिचे म्हणणे होते. मी काही होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही, आणि तिने तिकिटे काढली.

पासाऊ येथे तीन नद्यांचा संगम आहे. दक्षिणेकडून आल्प्स पर्वताचे पाणी घेऊन येणारी इन, उत्तरेकडून येणारी लहानशी काळसर इल्झ, आणि डॅन्यूब. तेथील नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या महापुरांच्या खुणा केलेल्या आहेत. जून २०१३ च्या पुरात पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. पाच शतकांत इतके पाणी त्या गावाने पाहिले नव्हते. आमच्याकडे पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठी राहणाऱ्या माणसाला अशा खुणा वाचता येतात, त्याला भाषेची अडचण पडत नाही.

तेथे आम्ही तीन सायकली भाड्याने घेतल्या. पत्नीची विजेच्या साहाय्याने चालणारी होती. पासाऊला घेतलेली सायकल व्हिएन्नात परत करता येते, आणि सामान रोज एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचविण्याची सोय असते. त्यामुळे आमच्यापाशी पाणी, पावसाळी कोट आणि पत्नीने आणलेल्या दशम्या एवढेच ओझे होते. पहिले दोन किलोमीटर मी कसे गेलो ते विचारू नका. हात थरथरत होते, आणि माझी मान सारखी मागे वळत होती. मागे कोणीही नव्हते. तरीही दुपारपर्यंत ती वळतच राहिली.

ही वाट मुळात सायकलींसाठी झालेली नाही, आणि आजच्या विषयाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. आगगाडी आणि वाफेच्या बोटी येण्यापूर्वी मीठ, धान्य, द्राक्षासव अशा मालाची ने-आण नदीतून होई. उताराच्या दिशेने नावा प्रवाहाबरोबर जात. परतीच्या वाटेवर मात्र त्या प्रवाहाविरुद्ध ओढून न्याव्या लागत, आणि हे काम काठावरून चालणारे घोडे करीत. नावांच्या एका तांड्याला कित्येक घोडे जुंपलेले असत. त्या घोड्यांसाठी नदीच्या अगदी कडेने पायवाट राखलेली असे. १८३० पासून डॅन्यूबवर वाफेच्या बोटी नियमित फिरू लागल्या, हळूहळू घोड्यांचे काम संपले, परंतु वाट राहिली. काठाची डागडुजी आणि जलमार्गाची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती उपयोगी पडे. पुढे नदीवर जलविद्युत केंद्रे झाली, तेव्हा बंधाऱ्यांच्या कडेनेही असेच सेवामार्ग तयार झाले. १९८० च्या दशकात कोणाच्या तरी लक्षात आले, की या वाटेवर मोटारी नाहीत, चढउतार जवळजवळ नाही, आणि दर काही मैलांवर एक गाव आहे. तिच्यावर डांबर घातले गेले, दिशादर्शक फलक लागले, तुटलेले दुवे गावरस्त्यांनी जोडले गेले. आज ती अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका दीर्घ सायकलमार्गाचा भाग आहे. नवी जमीन फार थोडी लागली. एका खात्याच्या कामाची वाट दुसऱ्या कामासाठी खुली झाली, एवढेच.

अर्थात संपूर्ण मार्ग वाहनविरहित आहे असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल. काही ठिकाणी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर येतात, काही ठिकाणी गावातून जावे लागते. पण दुसऱ्या दिवशी श्लोगेन नावाच्या स्थळी आम्ही पोहोचलो, तेव्हा मला प्रथमच त्या वाटेचे सुख कळले. तेथे कठीण खडकाच्या डोंगराने अडविल्यामुळे नदी जवळजवळ पूर्ण उलट दिशेला वळते. दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत उतरलेले अरण्य आहे. काठावर इतकी अरुंद जागा उरते, की मोटारीचा रस्ता तेथे झालाच नाही. सायकलची साखळी आणि पाणी यांखेरीज ऐकू येण्यासारखे तेथे काही नव्हते. माझी मान मागे वळत नसल्याचे पत्नीच्या लक्षात आले, माझ्या नाही.

तिसऱ्या दिवशीची हकीकत थोडी सविस्तर सांगावी लागेल. प्रवासवर्णनात ती बसत नाही, पण या सभागृहात विश्वस्त आणि देणगीदार बसलेले आहेत, म्हणून सांगतो. लिंत्झ शहराच्या अलीकडे, नदीपासून थोडे आत, हार्टहाइम नावाचा एक चारबुरुजी देखणा वाडा आहे. १८९८ साली एका सरदार घराण्यातील राजपुत्राने तो तेथील प्रांतिक धर्मादाय संस्थेला दान दिला. मतिमंद आणि अपंग व्यक्तींसाठी तेथे निवासी शुश्रूषागृह सुरू झाले, आणि ख्रिस्ती भगिनी तेथे सेवा करू लागल्या. म्हणजे आपल्यासारखीच एक संस्था. दात्याने दिलेली वास्तू, लोकांच्या मदतीवर चाललेले काम. ऑस्ट्रिया १९३८ मध्ये नाझी जर्मनीत सामील करून घेण्यात आला, आणि ही धर्मादाय संस्था सरकारने ताब्यात घेतली. १९४० च्या वसंतात तेथील रहिवाशांना हलवून वाड्यात विषारी वायूची खोली आणि दहनभट्टी बांधण्यात आली. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ऑगस्ट १९४१ पर्यंत निरनिराळ्या मनोरुग्णालयांतून आणि आश्रमांतून बसगाड्या भरभरून आणलेल्या १८ हजारांहून अधिक रुग्णांना तेथे मारण्यात आले. त्यानंतर जवळच्या माउटहाउझेन छळछावणीतील आणि इतर ठिकाणच्या कैद्यांची भर पडली. एकूण आकडा सुमारे ३० हजारांवर जातो. राख डॅन्यूबमध्ये टाकली जात असे.

रुग्णांची निवड डॉक्टरांनी केली होती. एका छापील अर्जावरील माहिती वाचून, रुग्णाला न पाहता, खूण करून. वायूच्या नळाची सूत्रेही डॉक्टरांच्या हाती होती. नातेवाइकांना नंतर सहानुभूतीचे पत्र जाई, त्यात मृत्यूचे एखादे खोटे कारण लिहिलेले असे. आज तेथे स्मारक आहे, आणि काचेच्या तावदानांवर मृतांची नावे कोरली आहेत. मी आयुष्यात अनेक मृत्यूप्रमाणपत्रांवर सही केली आहे. त्या तावदानांसमोर मला माझी सही आठवत राहिली. दान देणाऱ्याचा हेतू चांगला होता, वास्तू चांगली होती, शुश्रूषा करणाऱ्या भगिनी चांगल्या होत्या. तरी दोन वर्षांत तेथे काय झाले ते मी आपल्याला सांगितले. आपल्या संस्थेची घटना आणि विश्वस्तांच्या बैठकांचे इतिवृत्त मला नेहमी कंटाळवाणे वाटत आले. अध्यक्ष महोदय, ते मी यापुढे वाचीन.

तेथून निघाल्यावर आम्ही फारसे बोललो नाही. संध्याकाळी विल्हेरिंग येथे नदी ओलांडली. तेथली नाव पाहण्यासारखी आहे. तिला पुढे नेण्यासाठी इंजिन लागत नाही. दोन्ही तीरांवरील उंच मनोऱ्यांमध्ये एक पोलादी दोर ताणून बांधलेला असतो, आणि त्यावरून सरकणाऱ्या कप्पीला दुसऱ्या दोराने नाव जोडलेली असते. नावाडी सुकाणू फिरवून नावेचे तोंड प्रवाहाशी तिरपे करतो. प्रवाह नावेला रेटतो, दोर तिला खाली वाहून जाऊ देत नाही, आणि त्या ओढाताणीत नाव निमूटपणे पलीकडच्या तीरास लागते. परत येताना तोंड दुसऱ्या बाजूस तिरपे करावयाचे. मी तेथे दोन फेऱ्या जास्तीच्या केल्या. नावाड्याने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

पलीकडच्या ओटेन्सहाइमपासून लिंत्झपर्यंतचा टप्पा सबंध प्रवासात मला सर्वांत अवघड गेला. तेथे सायकलमार्ग हमरस्त्याला लागून जातो. तो वेगळा आहे, सुरक्षित आहे, पण मालमोटारी हाताच्या अंतरावरून जात असल्यासारख्या वाटतात. पहिली मालमोटार गेली आणि मी उतरलो. मुलगी मागे वळून आली. “बाबा, मधे कठडा आहे,” ती म्हणाली. मला तो दिसत होता. मी सायकल हाताने ढकलीत चालू लागलो, तीही उतरून चालू लागली, आणि त्या रस्त्याच्या कडेला मी तिला १९८६ ची ती रात्र प्रथमच नीट सांगितली. तिला फक्त ‘काका अपघातात गेले’ एवढेच माहीत होते. अपघात विभागात त्या रात्री मी होतो, हे तिला ठाऊक नव्हते. सगळे ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “हे तुम्ही मला सातवीतच सांगायचं होतंत. मी सायकल मागितलीच नसती.” मला वाटते, म्हणूनच मी सांगितले नव्हते. उरलेला टप्पा आम्ही पुन्हा सायकलीवर बसून गेलो. मी पुढे होतो.

त्यापुढच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगतो. मेल्कचा प्रचंड सुवर्णमंडित मठ पाहिला. मेल्क ते क्रेम्स या सुमारे ३५ किलोमीटरांच्या भागास वाखाऊ म्हणतात. सन २००० मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या करून द्राक्षवेली लावलेल्या आहेत, आणि चुना-मातीवाचून रचलेले ते बांध पाहून कोकणातल्या गडग्यांची आठवण होते. या भागात नदीवर जलविद्युत प्रकल्प व्हावा असा प्रस्ताव एके काळी होता. लोकांनी संघटितपणे विरोध केला, आणि नदी तेथे आजही मोकळी वाहते. क्रेम्सच्या पुढे त्स्वेंटेनडॉर्फ येथे वाटेच्या अगदी कडेला एक अणुवीज केंद्र उभे आहे. ते पूर्ण बांधून झाले, आणि नोव्हेंबर १९७८ मधील सार्वमतात ५० टक्क्यांहून किंचित अधिक लोकांनी नको म्हटल्यामुळे एकदाही सुरू झाले नाही. योग्य की अयोग्य, याविषयी आमच्या तिघांची तीन मते झाली.

व्हिएन्नात पोहोचल्यावर सायकली परत करण्यापूर्वी एका ठिकाणी जावयाचे मी आधीच ठरविले होते. तेथील जुने सार्वजनिक रुग्णालय १७८४ मध्ये सुरू झाले. आता त्या इमारतींत विद्यापीठाचे विभाग आहेत, आणि अंगणात मुले झाडाखाली बसून अभ्यास करतात. याच रुग्णालयातील प्रसूतिगृहात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातील अठरा बाळंतिणी ज्वराने दगावल्या होत्या. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले, आणि जूनमध्ये ते प्रमाण शंभरात सुमारे दोनावर आले. वरिष्ठांपैकी पुष्कळांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्या अंगणात मी सायकल भिंतीला टेकवून उभी केली आणि अर्धा तास बसलो. आपल्या प्रसूती विभागातील परिचारिकांसाठी तेथून एक चित्रपत्र आणले होते, ते हात धुण्याच्या कुंडाजवळ लावलेले आहे.

आता आपल्या गावाकडे येतो. भारतात २०२२ या एकाच वर्षी रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या अस्थिरोग विभागातील खाटा कशामुळे भरतात, हे समोर बसलेल्या नातेवाइकांना मी सांगण्याची गरज नाही. आपल्या परिचारिकांपैकी आणि सफाई कर्मचाऱ्यांपैकी अनेक जणी सायकलीने किंवा पायी येतात. रात्रपाळी संपवून पहाटे निघताना त्यांना हमरस्त्यावरूनच जावे लागते. रुग्णालयाच्या मागील कुंपणाला लागून कालवा आहे. कालव्याच्या कडेने पाटकऱ्यांच्या येण्याजाण्याचा आणि देखरेखीचा कच्चा रस्ता आहे, तो थेट बसस्थानकाच्या मागे निघतो. बाभळी वाढल्या आहेत, दोन ठिकाणी चारी ओलांडावी लागते, एका ठिकाणी कचरा टाकला जातो. अंतर अडीच किलोमीटर आहे. त्यावर मोटार जात नाही, आणि कोणाची जमीनही घ्यावी लागणार नाही.

त्या रस्त्याचा सायकलींसाठी व पादचाऱ्यांसाठी वापर करू देण्याची विनंती करणारा अर्ज संस्थेने संबंधित खात्याकडे द्यावा, असे पत्र मी विश्वस्त मंडळाला दिले आहे. पाण्याच्या कडेला कठडा, दोन ठिकाणी साकव, आणि दिवे लागतील. खात्याच्या यंत्रांना वाट मोकळी राहिली पाहिजे हेही त्यात लिहिले आहे. काही विश्वस्तांचा आक्षेप मला कळला आहे. रुग्णालयाने रुग्णालयाचे काम करावे, रस्त्यांचे करू नये. आक्षेप गैर नाही. साकवाला दिलेला पैसा क्ष-किरण यंत्राला मिळणार नाही, हे मलाही समजते. म्हणून औषधे आणि यंत्रसामग्रीसाठी आलेल्या देणग्यांना यासाठी हात लावू नये, अशी अट मीच पत्रात घातली आहे. कठड्याच्या पहिल्या शंभर मीटरांचा खर्च आमच्या कुटुंबाकडून दादांच्या नावे मी देत आहे. तेवढ्याने अडीच किलोमीटर होत नाहीत, हेही मी जाणतो.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, स्थापत्य अभियंता असलेले आपले एक देणगीदार आणि मी, मोजपट्टी घेऊन मागच्या फाटकापासून त्या वाटेने निघणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पायात जाड तळाचे बूट घालून यावे, बाभळीचे काटे फार आहेत. डिसेंबरमध्ये मुलगी येते आहे. तिच्यासाठी मी एक जुनी सायकल घेऊन ठेवली आहे आणि सीट तिच्या उंचीला लावली आहे.